धूर येतो

ऑक्टोबरच्या तिसऱ्या सोमवारी
वेल्डा ओस्टबी पाणी बंद करते.
आधी वरचा कॉक, मग एकेक नळ उघडा टाकायचा.
नळ्या गुरगुरतात, उचक्या देतात, गप्प होतात.
थेंबही मागे राहता कामा नये,
गोठलं की पाणी लोखंड फोडतं.
हे तिला नवऱ्याने शिकवलं नाही,
फुटलेल्या नळीने शिकवलं, पहिल्याच हिवाळ्यात.

बिटररूटच्या डोंगरात सहा केबिनी, अकरा तंबूंच्या जागा,
आणि अस्वलांच्या नाकापासून अन्न लपवायच्या लोखंडी पेट्या.
आता कुणी नाही.
लार्चची झाडं पिवळी होऊन सुया गाळतायत
पिकअपच्या टपावर, पायऱ्यांवर, तिच्या केसांत.
शेवटच्या आठवड्यातले पाहुणे हळूच विचारतात,
"तुमची झाडं मेली का हो?"
ती म्हणते, मे महिन्यात येऊन बघा.
मे महिन्यात कुणी येत नाही. चिखल असतो.

तीन नंबरच्या केबिनीत खिळ्याला बांधलेली वही,
उंदराने कुरतडलेली पेन्सिल.
स्पोकेनची जोडपी लिहितात: तारे! केवढे तारे!
एका पोराने मूस काढलाय, पाच पायांचा.
आणि दर ऑक्टोबरात एकदा, एकच ओळ,
लाकडात कोरल्यासारखी दाबून:
"धूर येतो. आर. पाइक."

रॉस्को पाइक. ओंडक्यांच्या ट्रकवर जन्म गेलेला,
डाव्या हाताला साडेतीन बोटं.
मुक्काम एक रात्र. पाकिटात अठरा डॉलर, सुटे, मोजलेले.
भेटला तर नुसती हनुवटी हलवायचा.
चौदा वर्षं: धूर येतो.

चौदा वर्षं वेल्डा शिडी लावते,
धुराड्यात ब्रश घालते, बादलीभर काजळी काढते.
जाळी बदलली, नळकांडं बदललं,
एकदा तर अख्खी शेगडी बदलली,
बिल अजून ड्रॉवरमध्ये आहे.
पेटवून बघावं तर धूर सरळ वर,
शहाण्या मुलासारखा.
"म्हाताऱ्याला खोडच आहे," ती कुत्र्याला सांगायची.
पुढल्या ऑक्टोबरात: धूर येतो.

यंदा तो आला नाही.
पेट्रोलपंपावरचा लायल म्हणाला,
"पाइक? ऑगस्टमध्येच."
आणि पुढे काही न बोलता टाकी भरत राहिला.
आकडे फिरत राहिले.

तर सोमवारी, पाणी सोडून झाल्यावर,
तिने तीन नंबरला कुलूप घातलं नाही.
सव्वीस वर्षं चाव्यांचा जुडगा कमरेला
आणि एकदाही ती इथे झोपली नव्हती.
स्वतःच्या दुकानात कोण गिऱ्हाईक होतं?
ब्लँकेट आणलं, सूपचा डबा, कुत्रा.
गादी खरोखर वाईट होती.
छताच्या फटीतून एक चांदणी दिसत होती,
म्हणजे पाऊसही येत असणार.
यातलं कुणी काहीच लिहिलं नव्हतं. सज्जन माणसं.

शेगडी आठला पेटवली. दहाला ठीक. बाराला ठीक.
तीनच्या सुमारास वारा फिरला.
घळीतून उतरला, जड, सावकाश,
एखादं जनावर पाण्यावर यावं तसा,
छपरावर थबकला
आणि धुराड्यात तोंड घातलं.

धूर आला.
शेगडीच्या दारातून, सांध्यासांध्यातून,
डोळे चुरचुरले, कुत्रा शिंकत बाहेर पळाला,
त्याच्यामागे ती, ब्लँकेट ओढत, पायरीवर.

समोर चंद्राखाली लार्चचा अख्खा उतार,
आतून दिवा लावल्यासारखा.
दिवसा ती इथून हजारदा गेली होती, बादली घेऊन.
हाताखाली काहीतरी खडबडीत लागलं:
पायरीच्या कडेला विझवलेल्या सिगारेटींचे काळे ठिपके,
एका ओळीत.
तिने मोजले नाहीत.
उजाडेपर्यंत बसून राहिली, नाक गळत.

सकाळी पेन्सिलीला टोक काढून लिहिलं:
"धूर येतो. व्ही. ओस्टबी."
अठरा डॉलर पाकिटात घालून
स्वतःच्याच पेटीत टाकले. नियम तो नियम.
शिडी मात्र शेडमध्येच राहू दिली.